ब्रिटनमधली ‘सायकल टू वर्क’ योजना: बचत नक्की किती, आणि सायकल नक्की कोणाची?

ब्रिटनमध्ये नवी नोकरी लागली की एचआरच्या पोर्टलवर पेन्शन आणि विम्याच्या शेजारी ‘सायकल टू वर्क’ असं एक बटण दिसतं. खाली मोठ्या अक्षरात ‘४७ टक्क्यांपर्यंत बचत’ असं काहीतरी लिहिलेलं असतं. ऑफिसातलं कोणी सांगतं की कंपनी सायकल देते, तर कोणी सांगतं की हे बिनव्याजी कर्ज आहे. दोघांचंही चुकतं. कंपनी सायकल विकत घेते आणि तुम्हाला भाड्याने देते. ते भाडं सहसा बारा मासिक हप्त्यांत तुमच्या पगारातून, कर कापला जाण्याआधी वळतं होतं. म्हणजे बाराही हप्ते फेडून झाले तरी सायकल तुमची झालेली नसते. जाहिरातीतल्या टक्क्यांपैकी किती तुमच्या हाती राहतील हे त्यानंतरच्या एका निर्णयावर ठरतं, आणि त्याबद्दल सुरुवातीला फारसं कोणी बोलत नाही.

ही सवलत १९९९ च्या फायनान्स अ‍ॅक्टने आली. आज ती २००३ च्या आयकर कायद्याच्या कलम २४४ मध्ये आहे. मालकाने नोकरदाराला वापरायला दिलेली सायकल ही एरवी करपात्र सुविधा ठरली असती. हे कलम तिला करमुक्त करतं. अट अशी की सायकलची मालकी नोकरदाराकडे जाता कामा नये. ‘बारा महिन्यांनी सायकल आपोआप तुमची’ असं करारात लिहिलं की ते भाडं उरत नाही, हप्त्याने केलेली खरेदी होते आणि करमाफी जाते. म्हणूनच ‘शेवटी सायकल माझीच ना?’ या प्रश्नाला एचआरवाले गुळमुळीत उत्तर देतात. ते काही लपवत नसतात, लेखी हमी देणं त्यांना कायद्यानेच अडचणीचं असतं.

आता हिशोब. समजा सायकल ९५० पौंडांची, हेल्मेट ५०, कुलूप ८०, दिवे ५०, मडगार्ड ४० आणि कॅरिअरची पिशवी ३०. एकूण १,२०० पौंड. करार बारा महिन्यांचा असेल तर ढोबळ पगारातून महिन्याला १०० पौंड कमी होतात. ही तुमच्या पगारातली कपात असते, वरून भरायचा खर्च नव्हे. या १०० पौंडांवर इन्कम टॅक्सही लागत नाही आणि नॅशनल इन्शुरन्सही (पगारातून कापली जाणारी सामाजिक विम्याची वर्गणी).

इंग्लंड, वेल्स किंवा उत्तर आयर्लंडमध्ये २० टक्क्यांच्या टप्प्यात असाल तर २० टक्के टॅक्स आणि ८ टक्के नॅशनल इन्शुरन्स मिळून २८ पौंड वाचतात. हातात येणारा पगार १०० ऐवजी ७२ पौंडांनीच कमी होतो. वर्षाचे झाले ८६४. पगार ५०,२७० पौंडांच्या वर असेल तर टॅक्स ४० टक्के होतो, पण नॅशनल इन्शुरन्स २ टक्क्यांवर उतरतो. म्हणजे बचत ४२ टक्के, महिन्याला ५८ पौंड आणि वर्षाला ६९६. जाहिरातीतले ४७ टक्के फक्त वर्षाला १,२५,१४० पौंडांच्या वर कमावणाऱ्यांसाठी.

इथे एक चूक हमखास होते. पगार ५१,००० असला म्हणजे सगळ्या १,२०० पौंडांवर ४२ टक्के वाचतील असं नाही. ५०,२७० च्या वरचे ७३० पौंड तेवढे ४२ टक्क्यांनी वाचतात, उरलेले ४७० पौंड २८ टक्क्यांनी. बचत होते साधारण ४३८ पौंड, ५०४ नव्हे. पेन्शनही सॅलरी सॅक्रिफाइसमधूनच, म्हणजे अशाच कराआधीच्या पगारकपातीतून, जात असेल तर ते ७३० पौंड आधीच संपलेले असू शकतात. म्हणून आधी पेस्लिप उघडून करपात्र पगाराचा आकडा बघा, ऑफर लेटरवरचा नको.

स्कॉटलंडचे टप्पे वेगळे आहेत. २०२५-२६ मध्ये तिथे ४३,६६३ पौंडांपासूनच ४२ टक्के कर सुरू होतो, पण नॅशनल इन्शुरन्सची ५०,२७० ची रेघ देशभर एकच आहे. त्यामुळे एडिंबरा-ग्लासगोमध्ये या दोन आकड्यांच्या मधल्या पगारावर ४२ अधिक ८ म्हणजे तब्बल ५० टक्के वाचतात. सायकलच्या बाबतीत तरी हे सुदैवच म्हणायचं.

पगार एक लाखाच्या थोडासा वर असेल तर गणित आणखी बदलतं. १,००,००० ते १,२५,१४० या पट्ट्यात करमुक्त भत्ता दर दोन पौंडांमागे एक पौंडाने घटत जातो, त्यामुळे प्रत्यक्ष दर नॅशनल इन्शुरन्ससह ६२ टक्के पडतो. घरात लहान मूल असेल तर सरकारी बालसंगोपनाच्या तासांसाठीही एक लाखाचीच रेघ आहे, आणि चाइल्ड बेनिफिट, म्हणजे मुलांसाठीचा सरकारी भत्ता, परत घ्यायला ६०,००० पासून सुरुवात होते. सायकलची कपात या रेघांच्या वरचं उत्पन्न तेवढं खाली आणते. उत्पन्न रेघेच्या जरासंच पुढे गेलेलं असेल तर या एका सायकलने इतर बरंच काही वाचू शकतं.

आता मूळ मुद्दा. बारा महिने संपले, ८६४ पौंड गेले. सायकल कंपनीची किंवा योजना चालवणाऱ्या संस्थेची. ती तुम्हाला फुकट दिली तर ‘बाजारभावाची वस्तू मोफत मिळाली’ म्हणून तुमच्यावर कर बसतो. बाजारभाव किती मानायचा यावर वाद नको म्हणून एचएमआरसीने, म्हणजे ब्रिटनच्या करखात्याने, एक तक्ता दिला आहे. मूळ किंमत ५०० पौंड किंवा जास्त असेल तर एका वर्षानंतर सायकलची किंमत मूळच्या २५ टक्के धरतात. दीड वर्षानंतर २१, दोन वर्षांनंतर १७, तीन वर्षांनंतर १२, चार वर्षांनंतर ७ आणि पाच वर्षांनंतर २ टक्के. ५०० पेक्षा स्वस्त सायकलला हेच आकडे १८, १६, १३, ८ आणि ३ टक्के असे आहेत, पाचव्या वर्षी नगण्य.

आता १,२०० च्या सायकलला हे लावून बघा. बाराव्या महिन्यालाच विकत घ्यायची ठरवली तर २५ टक्के म्हणजे ३०० पौंड. ८६४ अधिक ३०० झाले १,१६४. एवढा खटाटोप करून वाचले ३६ पौंड. दुकानात जरा गोड बोलून घासाघीस केली असती तरी एवढे सुटले असते.

दुसरा मार्ग म्हणजे भाडेकरार लांबवणे. बहुतेक योजनांमध्ये याला एक्स्टेंडेड हायर किंवा तत्सम नाव असतं. बाराव्या महिन्यानंतर एकदाच ७ टक्के अनामत भरायची, ५०० च्या खालच्या सायकलला ३ टक्के, आणि पुढचे ३६ महिने एक पैसाही न भरता सायकल वापरायची. बारा आणि छत्तीस मिळून होतात चार वर्षं. चार वर्षांनंतरची तक्त्यातली किंमत तुम्ही अनामत म्हणून आधीच भरलेली असते, त्यामुळे वर काहीही न देता सायकल तुमच्या नावावर होऊ शकते. आपल्या उदाहरणात अनामत ८४ पौंड. एकूण खर्च ९४८, बचत २५२ पौंड, म्हणजे २१ टक्के. ४० टक्क्यांच्या टप्प्यात एकूण ७८० पौंड आणि बचत ३५ टक्के. योजनेची खरी बचत ती हीच. सायकल परत करायचाही तिसरा पर्याय असतो, पण तो पत्करणारे विरळा.

एका गोष्टीकडे लक्ष ठेवा. हे पर्याय विचारणारा ईमेल बाराव्या महिन्याच्या सुमारास येतो, आणि तो बऱ्याचदा ऑफिसच्या पत्त्यावर येतो. मधल्या काळात नोकरी बदलली असेल तर तो तुम्हाला दिसणारच नाही. नाव नोंदवतानाच स्वतःचा ईमेल द्या. चार वर्षांनी येणाऱ्या शेवटच्या पत्रासाठी तर हे फारच गरजेचं आहे. आणि त्या चार वर्षांत सायकल विकू नका. दुसऱ्याच्या मालकीची वस्तू विकल्यासारखं होईल ते.

आयर्लंडमध्ये (उत्तर आयर्लंड नव्हे, स्वतंत्र देश) राहणाऱ्यांनी यातलं काही मनावर घेऊ नये. डब्लिनमध्ये याला ‘बाइक टू वर्क’ म्हणतात आणि नियम सरळ आहेत: सायकल नवी हवी, साध्या सायकलला १,२५० युरो, ई-बाइकला १,५०० आणि सामानवाहू सायकलला ३,००० युरोंची मर्यादा, चार वर्षांतून एकदा. हप्ते संपले की सायकल तुमची. नाव जवळपास सारखंच असल्याने दोन्हीकडचे सल्ले एकमेकांत मिसळतात, म्हणून हे सांगितलं.

कोणाला घेता येते? पगार पीएवायईखाली, म्हणजे ब्रिटिश पेरोलवर हवा. भारतातल्या कंपनीने पाठवलं असेल आणि पगार पुण्याच्या किंवा बंगळूरच्या पेरोलवरच निघत असेल तर त्यातून ब्रिटिश कर वाचवता येणार नाही. स्वतःचा धंदा करणाऱ्या एकट्या व्यावसायिकाला योजना नाही. मात्र स्वतःची लिमिटेड कंपनी असेल आणि तिच्यातून रीतसर पगार घेत असाल तर चालते. दुसरी अट किमान वेतनाची. कपातीनंतरचा पगार नॅशनल मिनिमम वेजच्या खाली जाता कामा नये. एप्रिल २०२५ पासूनच्या वर्षासाठी २१ वर्षं आणि त्यावरच्यांना हा दर तासाला १२.२१ पौंड होता. आठवड्याला ३७.५ तास धरले तर वर्षाचे होतात सुमारे २३,८१०. त्या दराने, ज्याचा पगार २४,५०० होता त्याला वर्षात ६९० पौंडांचीच मुभा राहत होती. १,२०० ची सायकल बारा महिन्यांत बसत नव्हती, पण करार चोवीस महिन्यांचा केला तर बसत होती. पेन्शनची सॅलरी सॅक्रिफाइसही याच मुभेतून वजा होते. किमान वेतनाचा हा आकडा दरवर्षी एप्रिलला बदलतो, त्यामुळे ‘गेल्या वर्षी अर्ज पास झाला, यंदा का नाही?’ याचं उत्तर बहुधा इथेच सापडतं. ज्यांना स्वस्त सायकलची सर्वांत जास्त गरज, त्यांनाच ही अट अडवते. योजनेवरचा हा आक्षेप खराच आहे.

विसावर असाल तर आणखी एक खबरदारी. स्किल्ड वर्कर विसा ठराविक पगाराशी बांधलेला असतो आणि सॅलरी सॅक्रिफाइस म्हणजे नोकरीच्या कराराप्रमाणे मिळणारा पगार कमी करणं. पगार विसाच्या किमान मर्यादेच्या जवळ असेल तर सही करण्याआधी एचआरकडून लेखी उत्तर घ्या. दोनशे पौंडांच्या बचतीसाठी विसाचं दुखणं नको.

‘आठवड्यातून दोनच दिवस ऑफिसला जातो, मग चालेल का?’ असं बरेच जण विचारतात. चालतं. किती दिवस ऑफिसला जाता याला महत्त्व नाही. सायकलच्या एकूण वापरापैकी निम्म्याहून जास्त वापर कामावर जाण्यायेण्याचा हवा. घर ते रेल्वे स्टेशन हा प्रवासाचा तुकडाही धरला जातो. मैलांची नोंदवही कोणी मागत नाही. रविवारी मुलांबरोबर बागेत फिरलात तर काही बिघडत नाही. पण रोजचा प्रवास गाडीने आणि सायकल फक्त डोंगरातल्या रविवारच्या फेरीला, असा प्रकार नियमात बसत नाही.

सायकल कोणती? दुचाकी, तिचाकी, घडीची, सामानवाहू, सगळ्या चालतात. ई-बाइक चालते, पण ती कायद्याच्या व्याख्येत बसायला हवी: पेडल हवेत, मोटरची सततची शक्ती २५० वॅटपर्यंत, आणि ताशी १५.५ मैलांवर, म्हणजे साधारण २५ किलोमीटरवर, मोटरची मदत बंद व्हायला हवी. पेडल न मारता नुसती मूठ पिळून पळणारी गाडी सायकल नाही, मोटरसायकल आहे. तिला नोंदणी, विमा आणि लायसन्स लागतं. इंटरनेटवर स्वस्तात मिळणाऱ्या बऱ्याच ई-बाइक इथेच बाद होतात.

ई-बाइक घेऊन ट्यूबने, म्हणजे लंडनच्या भुयारी रेल्वेने, जायचा बेत असेल तर थांबा. ३१ मार्च २०२५ पासून लंडनच्या ट्यूब, ओव्हरग्राउंड, एलिझाबेथ लाइन आणि डीएलआर या रेल्वेसेवांमध्ये घडी न होणाऱ्या ई-बाइकना मनाई आहे. कारण लिथियम बॅटरीच्या आगी. घडीची चालते. अर्धा प्रवास ट्रेनने करणाऱ्यांमध्ये ब्रॉम्प्टनसारख्या घडीच्या सायकली म्हणूनच लोकप्रिय आहेत. आणि पुढेमागे भारतात परतायचं असेल तर हेही ध्यानात ठेवा की १६० वॅट-तासांवरची बॅटरी प्रवासी विमानात नेता येत नाही, आणि ई-बाइकची बॅटरी सहसा ४००-५०० वॅट-तासांची असते.

पॅकेजमध्ये काय घालता येतं? हेल्मेट, दिवे, घंटी, आरसा, मडगार्ड, कॅरिअर आणि पिशव्या, मुलाची बैठक, कुलूप, पंप, पंक्चरचं साहित्य, चमकणारे कपडे. सायकल न घेता फक्त हे साहित्यही घेता येतं, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. सायकल कॉम्प्युटर किंवा घरात व्यायामासाठी लावायचा टर्बो ट्रेनर यात बसत नाही. ब्रिटनमध्ये हेल्मेटची सक्ती नाही. अंधार पडल्यावर मात्र पुढे पांढरा दिवा, मागे लाल दिवा आणि लाल परावर्तक कायद्याने लागतातच. हिवाळ्यात दुपारी चारलाच अंधारतं, तेव्हा दिव्यांवर काटकसर नको. मडगार्ड नक्की घ्या. इथला पाऊस जुलैतल्या कोकणासारखा कोसळत नाही, पण भुरभुरत रस्ता दिवसभर ओला ठेवतो आणि पाठीवर चिखलाची रेघ उठवतो.

अर्जाची पद्धत सगळीकडे थोड्याफार फरकाने सारखी. आधी दुकानात जा, सायकल चालवून बघा, फ्रेमचा आकार ठरवा आणि साहित्यासकट लेखी कोटेशन घ्या. मग पोर्टलवर तेवढीच रक्कम भरा. मालकाची मंजुरी, भाडेकरारावर तुमची सही, त्यानंतर व्हाउचर, आणि ते दाखवून दुकानातून सायकल. कपात पुढच्या पगारापासून. रक्कम अंदाजाने भरू नका. व्हाउचर निघाल्यावर ते सहसा बदलत नाही. जास्तीचे पैसे वाया जातात, आणि कमी पडले तर स्वतःच्या खिशातून भर घालायला बऱ्याच योजना परवानगी देत नाहीत, कारण सायकलची मालकी अर्धी-अर्धी होऊन बसते.

‘हजार पौंडांचीच मर्यादा आहे’ असं अजूनही ऐकू येतं. ती करकायद्यात कधीच नव्हती. ग्राहककर्जाच्या नियमांमुळे मालकांना सरसकट परवाना तेवढाच मिळायचा. जून २०१९ च्या मार्गदर्शिकेने स्पष्ट केलं की एफसीएची, म्हणजे ब्रिटनच्या वित्तीय नियामकाची, मान्यता असलेल्या संस्थेमार्फत योजना चालवली तर त्याहून महाग सायकलही देता येते. तरी काही कंपन्यांनी जुनीच मर्यादा ठेवली आहे; त्यांना तो हक्क आहे.

सेल लागलेली सायकल घ्यायची असेल तर आधी विचारा. योजनेतून विकलेल्या प्रत्येक सायकलवर दुकानदाराला योजना चालवणाऱ्या संस्थेला कमिशन द्यावं लागतं. त्यामुळे काही दुकानं सेलच्या भावात व्हाउचर घेत नाहीत, काही वर आकार लावतात. २० टक्के सूट मिळालेली सायकल रोख घेणं आणि पूर्ण भावाने योजनेतून २१ टक्के वाचवणं यात, २० टक्क्यांच्या टप्प्यातल्या माणसाला, रोख खरेदीच बरी: सायकल पहिल्या दिवसापासून तुमची. ४२ टक्क्यांवाल्यांनी मात्र योजना सोडू नये.

आता काय काय बिघडू शकतं. नोकरी सोडली किंवा गेली तर उरलेले हप्ते शेवटच्या पगारातून एकदम कापले जातात, आणि तेही कर भरून झालेल्या पैशांतून. पाचव्या महिन्यानंतर सोडली तर राहिलेले ७०० पौंड पूर्णच्या पूर्ण जातात. सहा महिन्यांत नोकरी बदलायचा किंवा डेप्युटेशन संपवून परतायचा विचार असेल तर या वाटेला जाऊ नका. लांबवलेल्या कराराच्या टप्प्यात नोकरी सोडली तर मात्र काही फरक पडत नाही. तोवर सगळे हप्ते फिटलेले असतात.

सायकल चोरीला गेली तरी हप्ते थांबत नाहीत. घरातल्या सामानाच्या (कंटेंट्स) विम्यात सायकल नावानिशी नोंदवा. एका वस्तूसाठी किती भरपाई आणि घराबाहेरची चोरी धरली आहे का, हे तपासा. कुलपाला ‘सोल्ड सिक्युअर’चं मानांकन असतं: ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड, डायमंड. विमा कंपनी ठराविक दर्जा मागते आणि दाव्याच्या वेळी कुलपाची पावती विचारते. पातळ केबलचं कुलूप लावून स्टेशनबाहेर ठेवलेली सायकल म्हणजे चोराला आमंत्रणच.

पेन्शनचंही बघा. काही कंपन्या पेन्शनचा वाटा कपातीनंतरच्या पगारावर मोजतात. मालक ५ टक्के भरत असेल तर १,२०० च्या कपातीवर ६० पौंड तुमच्या खात्यात कमी जमा होतील. अनेक कंपन्या कपातीआधीचा पगारच धरतात, मग हे नुकसान नाही. बाळंतपणाची रजा जवळ असेल तर अर्ज पुढे ढकला: स्टॅट्युटरी मॅटर्निटी पे पहिल्या सहा आठवड्यांत सरासरी पगाराच्या ९० टक्के असतो, आणि ती सरासरी कपातीनंतरच्या पगारावर निघते.

तुमच्या कंपनीत योजनाच नसेल तर मागा. मालकासाठी मुद्दा सोपा आहे: १,२०० च्या कपातीवर त्याचाही १५ टक्के नॅशनल इन्शुरन्स, म्हणजे १८० पौंड वाचतात. योजना सगळ्या नोकरदारांना खुली असायला हवी, फक्त साहेबलोकांना नव्हे. आणि एचआरला पहिला प्रश्न हा विचारा: ‘बारा महिन्यांनी कोणते पर्याय असतील, आणि करार लांबवायची अनामत किती?’ आकडा लेखी मिळाला की मगच फ्रेमचा रंग निवडायला दुकानात जा.